जळके ऑइल

‘तेल’ हा शब्द ‘तिल’ म्हणजे तीळ यापासून निघाला, हे मी वर्गात अनेक वर्षे सांगत आलो आहे. मुळात तेल म्हणजे तिळाचेच. पुढे खोबऱ्याचे निघाले ते खोबरेल झाले, एरंडाचे निघाले ते एरंडेल झाले, आणि जमिनीच्या पोटातून निघाले तेव्हा त्यालाही आपण बिनतक्रार तेलच म्हटले. परंतु एवढ्या मोठ्या कुटुंबाच्या या शब्दाला मोटारीच्या इंजिनात मात्र प्रवेश मिळालेला नाही. आमच्या बेळगाव-खानापूर भागातील चालक ‘गाडीत तेल भरले’ असे म्हणतो, तेव्हा ते डिझेल असते. इंजिनाच्या पोटात जे वंगण असते, त्याला तो ‘ऑइल’ म्हणतो. आणि काम करून काळे पडलेले ते वंगण बाहेर काढले की त्याचे नाव ‘जळके ऑइल’ होते.

दर महिन्याला या पानावर शब्दांविषयी, शाळेविषयी, फार तर पोराबाळांच्या अभ्यासाविषयी लिहिणाऱ्या माणसाने एकाएकी जळक्या ऑइलाचा विषय का काढावा, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण असे की, गेली बारा वर्षे माझ्या गाडीचे ऑइल मी घरीच बदलतो. ते काम मी कसे करतो हे अनेकांनी विचारले आहे. परंतु त्या कामात माझ्या हातून पहिल्याच वर्षी काय घडले, ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. या लेखात दोन्ही सांगणार आहे.

आमची सरकारी मराठी शाळा खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटीच्या पलीकडे आहे. मलप्रभेचा उगम ज्या कणकुंबीत होतो तो हा परिसर. येथे पाऊस लागला की लागला. जूनमध्ये भिजलेली वाट ऑक्टोबरापर्यंत वाळत नाही. बढतीवर या शाळेत आलो त्या वर्षी, म्हणजे २०१३ साली, मी एक जुनी, डिझेलवर चालणारी, चारही चाकांना जोर देणारी जीप विकत घेतली. हौस म्हणून नव्हे. दुचाकीवरून दोनदा ओढ्यात पडलो आणि दुसऱ्या खेपेस दहावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा भिजता भिजता वाचला, तेव्हा घरच्यांनीच आग्रह धरला.

पहिल्या वर्षी गाडी शहरातल्या एका गॅरेजात दिली. बिलात ‘ऑइल बदलले, फिल्टर बदलला’ असे स्वच्छ अक्षरांत लिहिले होते. घरी येऊन बॉनेट उघडले, तर फिल्टरच्या डब्यावर तोच जुना ओरखडा माझ्याकडे पाहत होता. वही न तपासता शेवटच्या पानावर बरोबरची खूण करून सही ठोकणारे शिक्षक मी पाहिले आहेत. हा त्यातलाच प्रकार. भांडायला गेलो नाही. गाडीची पुस्तिका घेतली, दिव्याखाली बसून दोनदा वाचली, आणि पुढच्या खेपेस हे काम आपणच करायचे असे ठरविले.

काम समजून घ्यायचे तर आधी ऑइल इंजिनात करते काय, ते समजले पाहिजे. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये पातळ पदर धरणे हे त्याचे पहिले काम. पण तेवढेच नव्हे. आतली उष्णता ते वाहून नेते. दट्ट्या आणि नळकांडे यांमधली सूक्ष्म फट बुजविते. धातूला गंजू देत नाही. आणि ज्वलनातून आलेली काजळी धुऊन स्वतःच्या अंगावर घेते. डिझेलच्या ज्वलनात काजळी पुष्कळ होते. तिचा काही अंश दट्ट्यांच्या कड्यांना चुकवून खाली उतरतो. ऑइलात मिसळलेली द्रव्ये त्या काजळीच्या कणांना एकमेकांना चिकटू देत नाहीत, ते कण तरंगत ठेवतात. म्हणून डिझेल गाडीत नवे, मधासारखे ऑइल घातले की थोड्याच दिवसांत ते काळे होते. ते काळे झाले म्हणजे बिघडले, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ते काळे झाले याचा अर्थ ते काम करीत आहे. जे ऑइल स्वतः लख्ख राहते आणि मळ इंजिनाच्या भिंतींवर साचू देते, ते काय कामाचे?

मात्र मळ सोसण्यालाही मर्यादा असते. इंधनातल्या गंधकापासून आम्ल तयार होते, त्याला मारणारी द्रव्ये ऑइलात असतात व ती हळूहळू संपतात. आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून जे डिझेल मिळते त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत दहा भागांपर्यंत खाली आणलेले आहे, त्यामुळे हा त्रास पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाला. काजळी, धूळ व ओलावा यांचा त्रास मात्र उरतोच. म्हणून पुस्तिकेत किलोमीटरांचा आकडा दिलेला असतो, आणि ‘किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ असेही लिहिलेले असते. माझ्यासारख्या, गाडी थोडी चालविणाऱ्या पण चिखलातून, धुळीतून आणि चढावरून चालविणाऱ्या माणसाने त्या उत्तरार्धाकडे अधिक लक्ष द्यावे. मी दर वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत, पाऊस उतरण्याआधी, ऑइल बदलतो.

आता बाजारातून काय आणावे, ते पाहू. डब्यावर ‘१५ डब्ल्यू-४०’ असे काहीसे लिहिलेले असते. त्यातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर होय. पहिला आकडा थंडीत ऑइल कितपत वाहते ते सांगतो, आणि दुसरा, इंजिन तापल्यावर, म्हणजे शंभर अंश सेल्सिअसला, त्याचा दाटपणा किती उरतो ते सांगतो. जुन्या डिझेल इंजिनांना आपल्या हवेत हे ऑइल बहुधा चालते; तरी शेवटचा शब्द पुस्तिकेचा. दुसरी खूण ‘एपीआय’ या अक्षरांपुढे असते. तेथे ‘सी’ या अक्षराने सुरू होणारी संज्ञा डिझेल इंजिनासाठी व ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोलसाठी असते. अलीकडच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते, त्यांना कमी राख होणारे विशेष ऑइल लागते. तेथे जुन्या गाडीचे ऑइल घालणे म्हणजे ती गाळणी चोंदविणे होय. ऑइलाबरोबर नवा फिल्टर आणि खालच्या नटाची नवी तांब्याची वॉशर आणावी. ही वॉशर अगदी स्वल्प किमतीची असते, म्हणूनच विसरली जाते.

गाडी सपाट जागी उभी करावी. इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून कोमट करावे, म्हणजे ऑइल पातळ होऊन मळासकट उतरते. मात्र उकळते ऑइल हातावर घेण्याचे शौर्य कोणी करू नये. इंजिन बंद करून थोडा वेळ जाऊ द्यावा. हँडब्रेक ओढावा, चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. येथे चारचाकी जोराच्या गाडीची एक मेख आहे. हिला गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा एक छोटा दांडा असतो. तो जर मधल्या, मोकळ्या स्थितीत राहिला, तर मुख्य गिअर कोणताही असला तरी चाके मोकळीच राहतात आणि उतारावर गाडी निघून जाते. तो दांडा जोरात, म्हणजे कोणत्या तरी बाजूस गुंतलेला आहे ना, हे खाली शिरण्याआधी पाहावे. या गाड्या उंच असतात, त्यामुळे जॅक न लावताच खाली सरपटत जाता येते, हा मोठा लाभ. ज्यांची गाडी बुटकी आहे त्यांनी केवळ जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नये. त्यासाठी भक्कम घोड्यांचा आधार हवा.

खाली गेल्यावर दुसरी मेख. साध्या मोटारीपेक्षा या गाडीच्या पोटाला नट अधिक असतात. इंजिन, गिअर, दोन्ही आसांना जोर वाटून देणारी पेटी, पुढचा आस आणि मागचा आस अशी पाच ठिकाणी पाच निरनिराळी ऑइले असतात. २०१४ च्या मे महिन्यात मी प्रथमच पाठीवर पडून वर पाहिले, तेव्हा माझा पाना भलत्याच नटावर बसला होता. पिळण्याआधी पुस्तिकेतली आकृती पुन्हा पाहण्याची बुद्धी झाली म्हणून बरे. नाही तर गिअरचे ऑइल भांड्यात आणि इंजिनात दुप्पट ऑइल, असा प्रसंग ओढवला असता. इंजिनाचा नट हा इंजिनाच्या तळाशी, ज्याला आमचे मिस्त्री ‘चेंबर’ म्हणतात त्या पत्र्याच्या कुंडीला असतो. एवढे नक्की करूनच पाना लावावा, आणि तो बंद तोंडाचा रिंगपाना असावा; उघड्या पान्याने नटाचे कोपरे झिजतात.

वरचे झाकण आधी काढून ठेवावे, म्हणजे हवा मिळून ऑइल मोकळे वाहते. खाली रुंद तोंडाचे भांडे ठेवावे. नट शेवटच्या दोन पिळांपर्यंत पान्याने आणि पुढे हाताने काढावा. पहिली धार वाटते त्यापेक्षा लांब पडते, आणि मग जवळ येते. भांडे त्याप्रमाणे सरकवावे. भांड्याखाली जुने वर्तमानपत्र पसरावे. आमच्या या मासिकाचा अंक मात्र त्या कामी लावू नये, अशी संपादकांच्या वतीने विनंती आहे. पंधरावीस मिनिटे ऑइल ठिबकू द्यावे. तेवढ्या वेळात त्याच्याकडे पाहावे. काळे असेल तर ठीकच आहे. दुधाळ असेल तर पाणी शिरले. फार पातळ असून डिझेलचा भपकारा येत असेल तर इंधन गळते आहे. बोटांना धातूचे कण लागले तर मिस्त्रीला बोलवावे; तेथे आपले पांडित्य संपले.

फिल्टर पट्ट्याच्या पान्याने सैल होतो. तो काढल्यावर त्याचे रबरी कडे त्याच्याबरोबर निघाले की इंजिनाला चिकटून राहिले, हे अवश्य पाहावे. जुने कडे राहिले आणि त्यावर नवे बसले, तर गाडी सुरू होताच सगळे ऑइल अंगणात येते. नव्या फिल्टरच्या कड्याला ऑइलाचे बोट लावावे, हाताने कडे टेकेपर्यंत फिरवावे, आणि त्यानंतर सुमारे पाऊण फेरा. पाना लावून आवळू नये. खालचा नट नव्या वॉशरसह आधी बोटांनी काही पिळ बसवावा, मगच पान्याने बेताचा आवळावा. जोर करणाऱ्याने चेंबरचे आटे तोडले की सगळा चेंबर उतरवावा लागतो.

मग नवे ऑइल. पुस्तिकेत सांगितले असेल त्याहून थोडे कमीच आधी घालावे, वेळ द्यावा, पट्टी पुसून पाहावी आणि दोन खुणांच्या मध्ये येईल असे वाढवावे. जास्त झाले तर चांगलेच, ही स्वयंपाकघरातील तेलाविषयीची समजूत येथे घातक आहे. फाजील ऑइल हवेच्या वाटेने ज्वलनाच्या जागी पोचले, तर डिझेल इंजिन तेच जाळून चालू लागते, आणि मग किल्ली फिरवूनही ते थांबत नाही. इंजिन सुरू करून ऑइलचा तांबडा दिवा विझेपर्यंत वेग मुळीच वाढवू नये. दोनतीन मिनिटांनी बंद करावे, खाली गळती पाहावी, दहा मिनिटांनी पट्टी पुन्हा पाहावी. वहीत तारीख व किलोमीटर लिहावेत.

हे सर्व मी २०१४ च्या त्या मे महिन्यात, माझ्या गावच्या घरी, अक्षरशः पुस्तिकेप्रमाणे केले. एक थेंब गळला नाही. हात धुऊन आलो, आईने चहा दिला, आणि मी तिला अभिमानाने सांगितले की, गॅरेजापेक्षा काम चोख झाले. यंत्राच्या बाबतीत त्यात काही खोटे नव्हते.

मात्र पुस्तिकेचे शेवटचे पान मी सोडले होते. भांड्यात उरलेल्या सहाएक लिटर जळक्या ऑइलाचे काय करावे, ते त्यात लिहिले होते. गावात सगळे जे करतात ते मी केले. थोडे ऑइल वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या खांबांना फासले. उरलेले गोठ्यामागे हातभर खड्डा खणून त्यात ओतले, वर माती लोटली, आणि जमिनीने ते पिऊन टाकले असे मानून मोकळा झालो.

आमच्या भागात जमिनीखाली जांभा दगड आहे. घर बांधायला तो उत्तम, पण त्याच्या अंगात असंख्य छिद्रे असतात. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो. जुलैत तीच विहीर हाताने पाणी घेता येईल इतकी वर येते. म्हणजे त्या काळात जमिनीतले पाणी आपल्या पावलांखाली हात-दोन हातांवर असते. आमची विहीर गोठ्यापासून वीस पावलांवर, आणि ती आमच्या एकट्यांची नाही. आमचे घर आणि शेजारच्या काकूंचे घर, यांच्या मधल्या गडग्यात ती बांधलेली आहे. एक रहाट आमच्या बाजूस, एक त्यांच्या बाजूस.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी शनिवारी गावी गेलो. आईने बादली माझ्यापुढे ठेवली. पाण्यावर मोराच्या पिसासारखा रंगीत पापुद्रा होता आणि घासलेटासारखा वास येत होता. मला क्षणात सगळे समजले. आईला समजले नव्हते. ती पावसाला दोष देत होती.

मी गडग्यापलीकडे गेलो. काकूंच्या बाजूचा रहाट कोरडा होता, दोर काढून ठेवलेला होता. काकू डोक्यावर इरले घेऊन, कमरेवर घागर घेऊन, पावसात खालच्या झऱ्यावरून येत होत्या. वय त्या वेळी पासष्टीच्या पुढे. आठ दिवसांपासून त्या तशाच जात होत्या. आमच्याआधी त्यांना कळले होते, कारण पहाटे पहिले पाणी त्याच काढीत.

मी विचारले, “काकू, सांगितलं का नाहीत?”

त्यांनी घागर ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, “मास्तर, तुझ्या आईनं माझ्या दोन्ही बाळंतपणात ह्याच हिरीचं पाणी तापवून घातलं. तिच्या लेकाला कसं सांगायचं, तुझ्यामुळं पाणी नासलंय म्हणून?”

त्या रात्री मला झोप आली नाही. मी वर्गात पर्यावरणाचा धडा शिकवितो. फळ्यावर ‘जल हेच जीवन’ असे सुवाच्य अक्षरांत लिहून घेतो. कोणी मला शिव्या दिल्या असत्या तर सोसले असते. एका म्हाताऱ्या बाईने माझ्या आईची ओशाळगत म्हणून आठ दिवस मुकाट्याने पावसात घागर वाहावी, हे सोसवले नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलाविले. तो बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात यंत्रे सांभाळतो. त्याने खड्डा पाहिला, माती हुंगली, आणि एवढेच म्हणाला, “गुरुजी, मला फोन करायचा होता की.” वर ताडपत्री बांधून आम्ही दोघांनी त्या पावसात खड्डा आणखी खोल, काळेपणा संपेपर्यंत खणला. ती माती झाकणाच्या पिंपांत भरली. त्याच्या कारखान्यातला तेलकट गाळ ज्या परवानाधारक गाडीतून जातो, त्या गाडीने ती जावी अशी व्यवस्था त्याने केली. वाहतुकीचा खर्च मी दिला. घरी ऑइल बदलून जे पैसे मी वाचविले होते, त्यांच्या कित्येक पट रक्कम त्यात गेली.

विहिरीला मात्र उपाय सोपा नव्हता. तरंगणारा पापुद्रा फडक्यांनी टिपून घेतला, तरी पावसाबरोबर तो पुन्हा येई. २०१५ च्या उन्हाळ्यात पंपाने उपसून तळ घासला, दगड न् दगड पुसला. पावसात पाहिले, वास कमी झाला होता, गेला नव्हता. तोवर दर शनिवारी आणि बुधवारी, सुट्टीत रोज, मी जीपमध्ये पाण्याचे कॅन भरून दोन्ही घरांना पाणी पोचवीत होतो. ज्या गाडीच्या ऑइलाने पाणी नासले, त्याच गाडीला ते वाहावे लागले, हे योग्यच झाले. पुढे पाणी तपासून घेतले, पिण्यास योग्य असा कागद मिळाला. तो मी काकूंना वाचून दाखविला. त्यांनी मान हलविली, पण दोर लावला नाही. २०१६ च्या पाडव्याच्या सकाळी अंथरुणात असतानाच पलीकडचा रहाट वाजल्याचे ऐकू आले. आई म्हणाली, “ऊठ, काकू पाणी काढतायत.” मी उठलो नाही, पडल्या पडल्या ऐकत राहिलो.

तेव्हापासून ऑइल बदलण्याच्या माझ्या कामाला आणखी एक पायरी जोडली गेली आहे, आणि तीच मी सर्वांत महत्त्वाची मानतो. निथळलेले ऑइल घट्ट झाकणाच्या, पूर्वी ऑइलचाच असलेल्या डब्यात भरावे. त्यात पाणी, पेट्रोल किंवा रेडिएटरचे द्रव मिसळू देऊ नये, नाही तर ते पुनः शुद्ध करणे अवघड होते. जुना फिल्टर भोक पाडून रात्रभर उलटा निथळत ठेवावा आणि ते ऑइलही त्याच डब्यात घालावे. जमिनीवर सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाकून तो उचलावा. पाण्याने धुऊन गटारात लोटू नये. डबा अशा गॅरेजास किंवा कारखान्यास द्यावा की, ज्याचे जळके ऑइल परवानाधारक शुद्धिकरण केंद्राकडे जाते. २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या ऑइलाचा समावेश आहे. १ एप्रिल २०२४ पासून तर ऑइल तयार करणाऱ्या व बाहेरून आणणाऱ्या कंपन्यांवरही, वापरलेले ऑइल पुनः शुद्ध होण्याची जबाबदारी टाकण्यात आली आहे. ते शुद्ध होऊ शकते, ही यातली आनंदाची गोष्ट. ऑइलातली मिसळलेली द्रव्ये संपतात, त्यात मळ साचतो, पण मूळ तेल मरत नसते, ते मळते. पाणी व मळ काढून, निर्वातात ऊर्ध्वपातन करून त्यापासून पुनः वंगण बनविता येते.

गृहिणींसाठी दोन शब्द. जळके ऑइल जनावरांच्या खरजेला लावणे, पाणी साचलेल्या डबक्यांत डासांसाठी टाकणे, बंबात किंवा चुलीत जाळणे, हे प्रकार आपल्या घरांतून अद्याप होतात. जळक्या ऑइलात कर्करोगास कारण होणारी द्रव्ये असतात आणि ती कातडीवाटेही शरीरात जातात. काम करणाऱ्याने हातमोजे घालावेत, हात साबणाने धुवावेत, डिझेलने नव्हे. आणि तेलकट चिंध्या घरच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नयेत.

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक वाचकाला विनवीत असे की, या पोथीचे तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून रक्षण करा. एम.ए.ला हे वाचले तेव्हा मौज वाटली होती. आता दर मे महिन्यात, नट आवळून झाल्यावर, मला ती विनवणी आठवते. सैल बांधणीची काळजी मी पहिल्या वर्षीही घेतली होती. तेलापासून पाण्याचे रक्षण करायचे तेवढे राहिले होते.

काकू आता सत्तरीच्या बऱ्याच पुढे गेल्या आहेत. मी गाडीखाली शिरलो की त्या गडग्यापाशी येऊन उभ्या राहतात. गाडीचे काय झाले, हे त्या कधी विचारीत नाहीत. “मास्तर, डबा कुठं ठेवलास?” एवढेच विचारतात. मी खालूनच हात बाहेर काढून डबा दाखवितो, झाकण लावलेले आहे हे त्या पाहतात, आणि मग पाणी काढायला जातात.